डिस्क-इमेज

डिस्क-इमेज : सीडी, डीव्हीडी यांसारख्या प्रकाशीय चकतीवरील मजकूर सेक्टरच्या (ठरावीक मापाच्या खंडांच्या) क्रमाने वाचून हार्ड डिस्कवर एका किंवा अनेक फाइलींत उतरवलेली प्रत. व्यवहारात ‘इमेज काढणे’, ‘आयएसओ बनवणे’ असे म्हणतात. चकतीवरच्या फाइली निवडून नुसत्या कॉपी-पेस्ट केल्या, तर बूट सेक्टर (संगणक सुरू करण्यासाठीचा भाग), गाण्यांचे ट्रॅक आणि ट्रॅकांमधील अंतरे मागे राहतात. ती इमेज नव्हे.

नाव : ‘आयएसओ’ हे फाइलीचे विस्तारनाम आयएसओ ९६६० (१९८८) या मानकावरून आले असावे, असे सामान्यतः मानतात. हे मानक ‘हाय सिएरा’ मसुद्यातून घडले. पण ते चकतीवरील फाइलव्यवस्थेचे मानक आहे, इमेजचे नव्हे. यूडीएफ या वेगळ्या फाइलव्यवस्थेच्या डीव्हीडीच्या इमेजलाही आज तेच नाव लावतात. हे मानक काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ‘आयएसओ’ हे नाव ग्रीक ‘आयसोस’ (समान) या शब्दावरून घेतल्याचे संस्था सांगते. तथापि संस्था स्थापण्याचे ठरले त्या १९४६ च्या लंडन बैठकीला हजर असलेल्या विली कुएर्ट यांच्या आठवणीनुसार तेथे असा उल्लेखही झाला नव्हता. ही व्युत्पत्ती मागाहून जोडली गेली असण्याचा संभव अधिक.

सेक्टरची रचना : सीडीवर प्रत्येक सेकंदाला ७५ सेक्टर असतात व प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटांचा असतो. मोड १ मध्ये (साध्या डेटा सीडीची पद्धत) त्यांपैकी १२ बाइट समक्रमणाचे, ४ पत्त्याचे, २,०४८ वापरकर्त्याचे, ४ त्रुटिशोधाचे, ८ रिकामे व २७६ त्रुटिदुरुस्तीचे असतात. ७४ मिनिटांच्या चकतीवर ३,३३,००० सेक्टर बसतात. तिची पूर्ण कच्ची इमेज ७८,३२,१६,००० बाइटांची, तर केवळ २,०४८ च्या हिशेबाने काढलेली ६८,१९,८४,००० बाइटांची होते. मोड १ च्या चकतीत हा फरक निरुपद्रवी आहे, कारण गाळलेले बाइट गणिताने पुन्हा तयार करता येतात.

मोड २ मध्ये तसे नाही. त्याच्या फॉर्म २ या उपप्रकारातील सेक्टरात त्रुटिदुरुस्तीची जागाही मजकुराला दिलेली असून वापरकर्त्याचे २,३२४ बाइट असतात. २,०४८ च्या मापाने कापले की दर सेक्टरमागे २७६ बाइट कायमचे जातात. व्हीसीडीवरील चित्रपट आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या (१९९४) खेळांतील एक्सए (संकोचित) ध्वनी याच प्रकारचे. अशा खेळाची साधी आयएसओ काढली, तर खेळ सुरू होतोही, पण संवाद व संगीत तुटते. म्हणून या चकत्यांसाठी ‘बिन’ (पूर्ण सेक्टरांची फाइल) व ‘क्यू’ ही जोडीच घ्यावी. क्यू ही साधी मजकूर-फाइल असून तिच्यात बिनचे नाव लिहिलेले असते; बिनचे नाव बदलून क्यूमधील ओळ तशीच ठेवली, तर इमेज उघडत नाही. युरोपात विकलेल्या काही प्लेस्टेशन चकत्यांना लिबक्रिप्ट हे नक्कलविरोधी संरक्षण आहे. त्यांच्यासाठी ९६ बाइटांची उपवाहिनीही (प्रत्येक सेक्टरसोबतची जादा माहिती) घ्यावी लागते, म्हणजे सेक्टर २,४४८ बाइटांचा होतो.

ऑफसेट : डेटा सेक्टरात पत्ता असतो, ध्वनी सेक्टरात तो नसतो. त्यामुळे प्रत्येक ड्राइव्ह ध्वनी काही नमुने आधी किंवा नंतर वाचू लागतो (एका सेक्टरात ४ बाइटांचे ५८८ नमुने). हाच ऑफसेट. आंद्रे विथॉफ यांच्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडीवरील ध्वनी उतरवणाऱ्या प्रणालीच्या शून्यबिंदूनुसार प्लेक्स्टर कंपनीच्या अनेक ड्राइव्हांची दुरुस्ती +३० नमुने येते. हा शून्यबिंदूच ३० नमुन्यांनी सरकलेला आहे, असे पुढे काहींनी मांडले. अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. प्रत बरोबर आहे का हे पडताळण्याच्या याद्या जुन्या बिंदूवरच उभ्या असल्याने तोच पाळणे सोयीचे ठरते.

कृती : चकती केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना उठलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो व सलग मजकूर खातो, सुमारे २.५ मिमी.पर्यंतचाच सलग खंड ड्राइव्ह भरून काढू शकतो. सीडीचा धातूचा थर छापील बाजूला केवळ लाखेखाली असतो, म्हणून तिकडचा ओरखडा अधिक घातक. खराब चकती ४x किंवा ८x वेगाने वाचावी. डीडीरेस्क्यू या खराब चकत्यांतून मजकूर वाचवणाऱ्या प्रणालीने आधी सुलभ भाग उतरवून घ्यावा, मग नकाशा-फाइल (कोणते सेक्टर वाचले गेले याची नोंद) तीच ठेवून उरलेल्या सेक्टरांसाठी तीन फेऱ्या द्याव्यात. त्यानंतरही काही राहिले तर त्याच नकाशावर दुसरा ड्राइव्ह लावावा. एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसरा पुष्कळदा वाचतो. शेवटी दोन स्वतंत्र वाचनांची एसएचए-१ बेरीज (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळते का ते पाहावे. मोठ्या डीव्हीडीची इमेज एफएटी३२ या जुन्या फाइलव्यवस्थेच्या डिस्कवर मध्येच अडते, कारण तेथे एका फाइलीची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट आहे. जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा संदेश कधीकधी त्यामुळेच येतो. गेमक्यूब व वी या निन्टेन्डोच्या खेळयंत्रांच्या चकत्या मोजके ड्राइव्ह सोडले तर संगणकावर वाचल्या जात नाहीत.

गोवा : तियात्र (कोकणी संगीतनाट्य), भजने व घुमट-आरत्या येथे सीडी-व्हीसीडीवर विकल्या गेल्या, त्यामुळे मोड २ चा प्रश्न खेळांपुरता उरत नाही. पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर राहते. बंद कपाटातल्या चकत्यांवर बुरशी धरते व कडेची लाख सुटू लागते. २००१ मध्ये बेलीझमधील एका सीडीत जिओट्रिकम बुरशीने कडेपासून आत शिरून ॲल्युमिनियम खाल्ल्याचे आढळले होते. दमट किनाऱ्यावर ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. चकत्या उभ्या, सिलिका जेलसह ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेली चकती तासभर तशीच ठेवून मग ड्राइव्हमध्ये घालावी, नाहीतर तिच्यावर धरलेल्या दवामुळे चांगले सेक्टरही खराब दिसतात.

कायदा : प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार कायदेशीर ताबा असलेल्यास संगणक-प्रणालीची संरक्षक प्रत काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणे दंडनीय ठरवते.