वळणावर रस्ता का कलतो?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून जाताना एखाद्या वळणावर पाण्याकडे नीट बघा. सरळ रस्त्यावर ते मधल्या पट्ट्यापासून दोन्ही कडांना ओघळत असतं. वळण आलं की सगळं पाणी वळणाच्या आतल्या कडेकडे धावू लागतं. एरवी डोळ्यांना न दिसणारा रस्त्याचा आकार असा पाण्यातून दिसतो.

सपाट वाटणारा डांबरी रस्ता सपाट नसतोच. सरळ भागात तो मध्ये जरा उंच ठेवतात, त्याला कॅम्बर म्हणतात. भरपूर पावसाच्या भागात हा आडवा उतार अडीच टक्के असतो, म्हणजे 7 मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्याचा माथा कडांपेक्षा जवळपास 9 सेंटिमीटर वर. एवढं करायचं ते पाण्यासाठी. पाणी साचलं की फटींतून आत मुरतं, खडीला धरून ठेवणारं डांबर सुटू लागतं, खालचा थर मऊ पडतो आणि वरून भरलेले ट्रक गेले की खड्डा ठरलेला.

वळणावर मात्र आणखी एक काम असतं. एसटी वळताना आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, कारण शरीराला सरळच जायचं असतं. गाडीलाही तसंच. तिला आत वळवणारं बळ टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून येतं, आणि ओल्या डांबरावर तेच कमी होतं. म्हणून वळणाची बाहेरची कड उचलतात. मग गाडीच्या वजनाचाच काही भाग तिला आत धरून ठेवतो. याला सुपर एलिव्हेशन म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट मुलखात ते जास्तीत जास्त 7 टक्के. त्याच 7 मीटरच्या रस्त्यावर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा 49 सेंटिमीटर उंच, जवळजवळ गुडघ्याएवढी!

मग आणखी का उचलत नाहीत? कारण त्याच वळणावरून उसाने खच्चून भरलेली ट्रॉलीही रांगत जाते. उतार फार झाला तर ती आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून आपल्याकडे ज्या वेगासाठी रस्ता आखला त्याच्या 75 टक्के वेग धरून उतार काढतात आणि उरलेला भार घर्षणावर सोपवतात.

वेगाचा हिशेब मात्र निर्दय आहे. वेग 40 वरून 60 वर गेला की लागणारं बळ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. ताशी 80 किलोमीटरसाठी वळणाची त्रिज्या किमान 230 मीटर लागते. घाटात एवढी जागा कुठून आणणार?

मला सर्वांत नाजूक वाटते ती जागा वळणाच्या जरा अलीकडची. तिथे रस्त्याचा बाहेरचा अर्धा भाग बाहेरच्या उतारावरून हळूहळू आतल्या उतारावर येतो. त्या प्रवासात एका ठिकाणी उतार शून्य होतो. लांबीच्या दिशेनेही चढ-उतार नसेल, तर पाणी नेमकं तिथे थबकतं. चांगला अभियंता आखणी करतानाच ही जागा हेरतो आणि तिथे रस्त्याला थोडा लांबीचा उतार देतो. पुढे वर्षानुवर्षं डांबराचे नवे थर पडत जातात. प्रत्येक वेळी पाणसळ लावून उतार मोजला नाही, तर आडवा उतार हळूहळू बिघडतो आणि पहिल्या जोरदार सरीत त्याच जागी डबकं चमकू लागतं.