सूर्याचे परिवलन

सूर्याचे स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे. सूर्य घन नसून प्लाझ्माचा (विद्युत्‌भारित तप्त वायूचा) गोळा असल्यामुळे त्याला परिवलनाचा एकच काल नाही. विषुववृत्ताजवळचा पृष्ठभाग सुमारे २४.५ दिवसांत फेरी पुरी करतो. ६०° अक्षांशावर ३० दिवस लागतात, ध्रुवांजवळ ३४च्या आसपास. यालाच विभेदी परिवलन म्हणतात.

सौरडाग (सूर्यावरचे काळसर डाग) सरकतात म्हणजे सूर्य फिरतो, हे खगोलनिरीक्षक योहानेस फाब्रिसियस यांनी १६११ मध्ये मांडले. अक्षांशांनुसार वेगात पडणारा फरक खगोलशास्त्रज्ञ शाइनर यांच्या नजरेत आला होता. तो पक्का केला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी, १८५३ ते १८६१ या काळातील डागांच्या मोजणीतून. त्यांनी धरलेला २५.३८ दिवसांचा सरासरी काल आजही प्रमाण आहे. पृथ्वीही त्याच दिशेने पुढे जात असल्याने आपल्याला तीच फेरी २७.२८ दिवसांची दिसते. नवख्यांची पहिली चूक इथेच होते : पाहिलेला काल आणि खरा काल यांची गल्लत.

मोजणीसाठी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडतात (नेत्रिकेला डोळा लावायचा नाही, क्षणभरही नाही). प्रतिमेचा व्यास १५० मिमी धरला आणि विषुववृत्तालगतचा डाग मध्यरेषेपासून ३७.५ मिमीवर असला, तर ३७.५ भागिले ७५ म्हणजे ०.५, ही ज्या (साइन) ३०° ची, म्हणून डाग मध्यापासून ३०° वर. रोज तो सुमारे १३° सरकायला हवा. कडेजवळची मापे मात्र टाकून द्यावीत. मध्यावर १ मिमीची चूक पाऊण अंशाची असते, ७५° वर तीच जवळजवळ ३° होते. शिवाय सूर्याचा अक्ष ७.२५° कललेला असल्याने डागांचे मार्ग जून व डिसेंबरच्या सुरुवातीलाच सरळ दिसतात; मार्च आणि सप्टेंबरमध्ये ते सर्वांत जास्त वाकलेले असतात.

डाग ४०° च्या पलीकडे क्वचितच आढळतात आणि भोवतालच्या वायूपेक्षा किंचित वेगाने फिरतात. म्हणून ध्रुवांकडे डॉप्लर परिणामाचा (उगम जवळ येताना वा दूर जाताना प्रकाशाची तरंगलांबी बदलते, त्याचा) आधार घ्यावा लागतो. विषुववृत्ताचा वेग सेकंदाला सुमारे २ किमी. पूर्व कड आपल्याकडे येते, पश्चिम कड दूर जाते. ५०० नॅनोमीटरची वर्णरेषा (प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा) त्यामुळे जेमतेम ०.००३३ नॅनोमीटर सरकते. पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्याचा वेग वजा केला नाही, तर उत्तर सरळ चुकते.

आतले परिवलन सौरकंपांवरून (सूर्यातील ध्वनितरंगांमुळे होणाऱ्या कंपनांवरून) कळते. परिवलनाच्या दिशेने जाणाऱ्या ध्वनितरंगांची वारंवारता थोडी वाढते, उलट जाणाऱ्यांची घटते. मात्र रात्रीच्या खंडामुळे कंपनांच्या वारंवारतांच्या वर्णपटात खोटी शिखरे उमटतात. म्हणून १९९५ पासून गाँग प्रकल्पाच्या जगभरातील सहा केंद्रांतून अखंड निरीक्षण सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सूर्याचे निरीक्षण करणारे सोहो यान सुटले. या निरीक्षणांतून दिसले ते असे : विभेदी परिवलन बाहेरच्या ३० टक्के त्रिज्येपुरतेच आहे. त्याखालचा प्रारण विभाग (जिथे ऊर्जा प्रारणाने बाहेर जाते) जवळजवळ घन गोळ्यासारखा फिरतो. दोहोंमधल्या पातळ थराला टॅकोक्लाइन म्हणतात. सौर चुंबकीय क्षेत्र तिथेच निर्माण होते की पृष्ठभागाच्या जवळ, यावर अजून एकमत नाही.