कॅलिफोर्नियातली घरपट्टी आणि ‘मालकीबदल’ या शब्दाची पार्श्वभूमी

काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ॲसेसरकडून, म्हणजे घराचं करपात्र मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, उन्हाळ्यात मूल्यांकनाची सूचना येते. तिच्यात दोन आकडे असतात: एक जमिनीचा आणि दुसरा ‘इम्प्रूव्हमेंट्स’चा, म्हणजे जमिनीवरच्या बांधकामाचा. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नवं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत ही सूचना आली की एक प्रश्न हमखास निघतो. शेजाऱ्यांचं घर आमच्याएवढंच आहे, मग त्यांची घरपट्टी आमच्या दहाव्या हिश्शाएवढी कशी? हिशेबात चूक नसते. 1975 साली 60 हजार डॉलरचं असलेलं घर दरसाल 2 टक्क्यांनी वाढवत आणलं, तर पन्नास वर्षांनी त्याचं करपात्र मूल्य जेमतेम 1 लाख 61 हजार होतं. शेजारचं तसंच घर कुणी आज 15 लाखांना घेतलं, तर त्याचं करपात्र मूल्य 15 लाखच. ॲसेसर बाजारभाव काढतो तो घर हातबदल झालं त्या दिवसाचा. त्यानंतर तो आकडा बहुतेक वेळा फक्त पुढे सरकवला जातो.

पूर्वी असं नव्हतं. ॲसेसर लोकांनी निवडून दिलेला, त्यामुळे मतदारांच्या घरांचं मूल्य कमी धरायचं आणि व्यापारी मालमत्तेचं जास्त, असा अलिखित रिवाज होता. 1960 च्या दशकाच्या मध्यात सॅन फ्रान्सिस्कोत ॲसेसरच्या लाचखोरीचं प्रकरण उघड झालं. 1966 च्या कायद्याने सगळ्या मालमत्तांना एकच प्रमाण लावलं: बाजारभावाच्या 25 टक्के. भ्रष्टाचार आवरला, पण घरमालकांना मिळणारी सवलतही त्याबरोबर गेली. पुढच्या दशकात किमती भडकल्या, फेरमूल्यांकन इमानेइतबारे होत राहिलं आणि निवृत्त माणसांना बिलं भरणं अशक्य झालं. 6 जून 1978 रोजी सुमारे 65 टक्के मतदारांनी प्रपोझिशन 13, म्हणजे थेट मतदानाला टाकलेला राज्याच्या घटनेतला बदल, मंजूर केलं. कर मूल्याच्या 1 टक्का, मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के आणि आधारमूल्य 1975 चं; त्यानंतर घर घेतलं तर खरेदीच्या वेळचं. त्या वेळचा लोकांचा राग रास्त होता, हे मान्य करायलाच हवं.

खरी गुंतागुंत त्यातल्या एका शब्दात होती. खरेदी, नवं बांधकाम किंवा ‘मालकीबदल’ झाला तरच नवं मूल्य लावायचं, असं त्यात लिहिलं होतं. पण मालकीबदल म्हणजे काय, ते लिहिलेलं नव्हतं. विधिमंडळाने 1979 मध्ये व्याख्या केली. तिला तीन अटी: हक्क आत्ताचा हवा, उपभोगाचा अधिकारही हस्तांतरित व्हायला हवा आणि त्याचं मोल पूर्ण मालकीच्या जवळपास हवं. वाचायला सोपं, लावायला कठीण. भाडेपट्टा 35 वर्षांचा किंवा त्याहून जास्त असेल तर मालकीबदल, 34 वर्षांचा असेल तर नाही. नवरा-बायकोतलं हस्तांतरण सुटलं. रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये स्वतःचं घर ठेवणंही सुटलं. आपल्याकडे मुलाचं नाव सात-बारावर लावतात, तसं इथल्या दस्तात लावलं तर? कधी तेवढ्या हिश्शापुरतं फेरमूल्यांकन होतं, कधी होत नाही. दस्ताची शब्दरचना काय आहे, त्यावर ते ठरतं. म्हणून ओळखीच्या कुणाचा फॉर्म पाहून आपला भरू नये.

कंपन्यांच्या बाबतीत ही व्याख्या फार ढिली राहिली. कंपनीच्या नावावरची इमारत तिथेच राहते, विकले जातात ते कंपनीतले हिस्से. एका हाती 50 टक्क्यांहून जास्त ताबा आला तरच मालकीबदल. 2006 मध्ये सांता मोनिकातलं एक समुद्राकाठचं हॉटेल असंच विकलं गेलं. हिस्से 49, 42.5 आणि 8.5 टक्के असे तिघांत वाटले होते, आणि मोठे दोन एकाच कुटुंबाशी जोडलेले होते. ॲसेसरने नवं मूल्य लावलं. अपील न्यायालयाने 2014 मध्ये मालकीबदल झालाच नाही असा निर्णय दिला. दोन खोल्यांचं घर घेणाऱ्या जोडप्याला ही वाट कधीच मिळत नाही.

लॉस एंजलिसमधल्या एका महिलेने 1988 मध्ये 1 लाख 70 हजारांना आपलं पहिलं घर घेतलं. तिला कर 1,701 डॉलर, एका चौकापलीकडच्या तेवढ्याच घराला 358. ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1989 मध्ये त्याच न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्या एका काउंटीची अशीच पद्धत रद्द केली होती, पण तिथे त्या राज्याच्या घटनेलाच समान मूल्यांकन अपेक्षित होतं. कॅलिफोर्नियात मतदारांनी समजूनउमजून दुसरा मार्ग घेतला होता. 1992 मध्ये ती 8 विरुद्ध 1 अशी हरली. माझ्या मते त्या निकालाने कायद्याचा प्रश्न मिटला, न्यायाचा नाही.

2008 नंतर किमती कोसळल्या तेव्हा मूल्य तात्पुरतं उतरवायची तरतूद अनेकांच्या कामी आली. बाजार सावरल्यावर मात्र काहींचं मूल्य एका वर्षात 2 टक्क्यांहून जास्त वाढलं आणि लोक चक्रावले. ती 2 टक्क्यांची मर्यादा मूळ आधारमूल्याला आहे, उतरवलेल्या मूल्याला नाही.

वारशाची सूट 1986 पासून होती. आईवडिलांचं घर मुलांकडे जुन्याच मूल्याने यायचं, मग ते भाड्याने दिलं तरी चालायचं. नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी ती आवळली. 16 फेब्रुवारी 2021 पासून मुलाने वर्षाच्या आत त्या घरात स्वतः राहायला यावं लागतं, आणि सवलतीलाही मर्यादा आहे. त्याच मतपत्रिकेवर मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभाव लावण्याचा प्रस्ताव होता. त्याला सुमारे 48 टक्के मतं मिळाली आणि तो पडला.