धूरविरहित तंबाखू

धूर न ओढता जी तंबाखू चघळली जाते, गालाआड किंवा ओठाआड धरली जाते, दातांना घासली जाते अथवा नाकात ओढली जाते, तिला धूरविरहित तंबाखू म्हणतात. महाराष्ट्रातील तंबाखूचे व्यसन प्रामुख्याने याच प्रकारचे आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे विडी-सिगारेट ओढणारा या राज्यात अल्पसंख्य ठरतो. तरीही व्यसनाची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर येतात ते दारू आणि गर्द, आणि अंगणात बसून दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्या बाईचा त्या चर्चेत उल्लेखही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मात्र तंबाखूचे अवलंबित्व हा दारू आणि अफू यांच्या अवलंबित्वाच्या शेजारी नोंदलेला आजार आहे.

तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील पीक. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या मोगल वकिलाने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबराला नजर केली. पुढे पानाच्या विड्यात तिला जागा मिळाली आणि निपाणी ही सीमाभागातील तंबाखूची मोठी बाजारपेठ झाली.

या पदार्थाचा अंमल निकोटिनमुळे चढतो, पण तो किती लवकर चढेल हे चुना ठरवतो. डाव्या तळहातावर पानतंबाखू घेऊन त्यात नखाएवढा चुना मिसळायचा, उजव्या अंगठ्याने मळायचे, वरून थापट्या मारून भुकटी उडवायची आणि उरलेली चिमूट खालच्या ओठाआड ठेवायची, ही कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते. अल्कधर्मी माध्यमात निकोटिन मुक्त रूपात येते आणि तोंडाच्या ओल्या नाजूक अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. मेंदूत पोचल्यावर ते डोपामिन या रसायनाचा स्राव वाढवते, त्यामुळे काही काळ तरतरी वाटते आणि भूक मंदावते. अर्धपोटी काम करणाऱ्या शेतमजुराला, वीटभट्टीवरच्या कामगाराला किंवा रात्रपाळीच्या वाहनचालकाला ही भूक मारणारी चिमूट आधार वाटते. त्या आधाराची निकड समजून घेतल्याशिवाय त्याला केवळ दोष देणे अन्यायाचे आहे. हळूहळू मेंदूला या मात्रेची सवय होते आणि मग तंबाखू आनंदासाठी न राहता तलफ शमवण्यासाठी खावी लागते.

मशेरी किंवा मिश्री हा महाराष्ट्राचा खास प्रकार आहे आणि तो विशेषतः स्त्रियांमध्ये रूढ आहे. तापलेल्या तव्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजतात. त्या वेळी सुटणारा उग्र दर्प घरभर भरून राहतो आणि जवळच्याला ठसका लागतो. भाजलेली पाने कुस्करून केलेली काळी पूड डबीत भरून ठेवतात आणि सकाळी बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासतात. अनेकींची सुरुवात दातदुखीवरचा उपाय म्हणून होते. दात घासणे हे निमित्त असल्यामुळे तिला व्यसन म्हटले जात नाही, पण दिवसातून चार-पाच वेळा दात घासावेसे वाटणे आणि मशेरी मिळाली नाही की डोके दुखणे ही निकोटिनच्या अवलंबित्वाचीच लक्षणे आहेत. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात राज्यातील १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत असल्याचे दिसले.

या सवयीची सर्वात मोठी किंमत जन्माला न आलेले मूल मोजते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मृत बालकाचा जन्म यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. या स्त्रियांपैकी बहुतेक जणी मशेरी वापरणाऱ्या होत्या. म्हणून गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळी ‘तंबाखू खाता का’ एवढेच विचारून भागत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘मशेरी लावता का’ असे नाव घेऊन विचारावे लागते.

विदर्भात खर्रा आणि इतरत्र मावा या नावाने मिळणाऱ्या मिश्रणात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. कातरलेली सुपारी, तंबाखू व ओला चुना प्लास्टिकच्या तुकड्यात, म्हणजे पन्नीत, घालून ती पुडी तळव्याखाली जोराने घोटली जाते. घोटण्याने सुपारी ओलसर व मऊ होते आणि चुना सर्वत्र मुरतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत पाहुण्याला चहाबरोबर खर्रा पुढे करण्याची रीत आहे आणि लहान मुलांच्या हातीही तो पडतो. गडचिरोली जिल्ह्यात दारू व तंबाखू यांच्याविरुद्ध २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे वास्तव होते. गुटखा हे याच मिश्रणाचे कोरडे, सुगंधी, कारखान्यात पुडीबंद केलेले रूप आहे. तपकीर आणि काकवीत कालवलेली गुडाखू यांचा प्रसार तुलनेने मर्यादित आहे.

तंबाखूत निकोटिनपासून तयार होणारी नायट्रोसअमाइन वर्गातील संयुगे कर्करोगकारक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोहोंना, माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात ठेवले आहे. तंबाखूमुळे तोंड, अन्ननलिका व स्वादुपिंड यांचे कर्करोग होतात. जिथे चिमूट रोज ठेवली जाते, नेमक्या त्याच जागी, म्हणजे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, आधी न पुसला जाणारा पांढरा चट्टा उमटतो, मग न भरणारी जखम होते. भारतात या खाचेतील कर्करोग इतका आढळतो की वैद्यकात त्याला भारतीय मुखकर्करोग म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या संबंधाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे: पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या घरोघरी जाऊन केलेल्या मुखतपासणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

सुपारीयुक्त प्रकारांचा एक स्वतंत्र आजार आहे. सुपारीतील अरेकोलिनमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊतक साठत जाते आणि गाल आतून ताठर, फिकट होतात. आधी तिखट झोंबते, मग शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, आणि शेवटी घास जाईल एवढेही तोंड उघडत नाही. हाताची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये शिरतात का, ही घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणी आहे; ती शिरत नसतील तर दंतवैद्याकडे जाणे लांबवू नये. गुटखा आणि खर्रा यांच्यामुळे हा आजार विशीतल्या तरुणांमध्येही दिसू लागला. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो.

महाराष्ट्राने ऑगस्ट २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती, परंतु २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. तंबाखू व निकोटिन हे अन्नपदार्थांचे घटक असू शकत नाहीत, या अन्नसुरक्षा नियमाच्या आधारे जुलै २०१२ मध्ये नवी बंदी आली. अशा बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून ग्राहकाने त्या एकत्र करायच्या, अशी पळवाट निघाली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तींना आणि शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली आहे. साधी तंबाखू व चुना यांची विक्री मात्र कायदेशीर आहे, आणि मशेरी तर बहुधा घरच्याच तव्यावर तयार होते.

तंबाखू थांबवल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात: चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, हात नकळत चंचीकडे, म्हणजे तंबाखूच्या पिशवीकडे, जातो. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. निकोटिनयुक्त गम आणि समुपदेशन यांनी तो सोसणे सोपे होते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. तंबाखू सोडल्यावर पांढरे चट्टे अनेकदा विरळ होतात किंवा नाहीसे होतात, मात्र सुपारीने आखडलेले तोंड आपोआप पूर्ववत उघडत नाही.