घरच्या घरी व्यायाम : ॲप वापरणाऱ्या आमच्या सभासदांसाठी

नमस्कार.

आमची व्यायामशाळा डोंबिवलीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. २०२० च्या मार्चमध्ये शटर खाली आलं, तेव्हा सभासदांना व्हॉट्सॲपवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवायला लागलो. त्यातून हे ॲप उभं राहिलं. आता असे बरेच सभासद आहेत ज्यांनी व्यायामशाळेचा उंबरठाही पाहिलेला नाही; लोकलच्या दगदगीतून घरी आल्यावर पुन्हा खाली कोण उतरणार? आम्ही तिघं प्रशिक्षक आहोत. फोनवर रोज तीच ती सहा-सात उत्तरं देतो, म्हणून एकदाची लिहून काढली.

आधी ते सात प्रश्न

ॲप उघडल्याबरोबर छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, सांध्याचा जुना त्रास आहे का, असे सात प्रश्न येतात. बहुतेक जण दहा सेकंदांत सात वेळा ‘नाही’ दाबून मोकळे होतात. आम्हाला वेळ दिसते हो! एखादं उत्तर ‘हो’ आलं म्हणून कोणाला परत पाठवत नाही. फक्त एक फोन करतो आणि गरज असेल तर डॉक्टरांना विचारून या म्हणतो.

साखरेसाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेत असाल तर हे लपवू नकाच. व्यायामानं साखर आणखी उतरते. सुरुवातीचे दिवस आधी आणि नंतर मोजा, आणि साखरेचं पाणी किंवा ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवा. पासष्टीपुढच्या सभासदांना आठवड्यातून ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम येतात. एका पायावर उभं राहणं पोरखेळ वाटेल, पण ते गाळू नका. ओट्याला हात टेकून केलं तरी चालतं.

जागा आणि फोन

चटईएवढी जागा आणि दोन्ही बाजूंना हात पसरता येतील इतकी मोकळीक, बस. डोक्यावर पंखा आहे का ते एकदा वर बघून घ्या; हातात बाटल्या धरून हात वर नेताना हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. सतरंजी फरशीवर सरकते, मोजे घालून पाय सरकतो आणि प्लास्टिकची खुर्ची तर हमखास मागे पळते. खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ किंवा तापट शेजारी असेल तर सेटिंगमध्ये ‘उड्या नकोत’ चालू करा. उड्यांच्या जागी जिन्याची पायरी चढउतार येते, दम तेवढाच लागतो.

कॅमेरा चालू करायचा की नाही, ही तुमची मर्जी. चालू केलात तर ॲप तुमच्या शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं (खांदे, कोपर, गुडघे, घोटे वगैरे) आणि त्यांच्यातले कोन मोजतं. चित्रण फोनमध्येच वाचलं जातं, आमच्याकडे येत नाही. फोन कमरेच्या उंचीवर, सात-आठ फुटांवर, पोह्यांच्या मोठ्या डब्याला टेकवून ठेवला की काम होतं. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर कॅमेऱ्याला तुमची नुसती काळी सावली दिसते. गाऊन किंवा सैल सलवार घातली की गुडघा कुठे आहे ते त्याला कळत नाही आणि ‘आणखी खाली जा’ म्हणून तो उगाच ओरडत बसतो. पाठ गोल होतेय की नाही, हे समोरून त्याला दिसत नाही; बैठका मारताना थोडं तिरकं उभं राहा.

ओळीतला शेवटचा आकडा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र नीट वाचा.

रोजच्या पानावर अशी ओळ दिसते : खुर्चीवरची बैठक, ३ × ८, विश्रांती ९०, मेहनत ७. म्हणजे आठ बैठकांचा एक सेट, असे तीन सेट, मध्ये ९० सेकंद थांबायचं. मेहनत ७ म्हणजे आठवी बैठक झाल्यावर ‘अजून तीन मारता आल्या असत्या’ असं प्रामाणिकपणे वाटलं पाहिजे. दोनच जमल्या असत्या तर ८. एकही नाही, तर १०. कष्ट जाणवण्याला आकडा देण्याची ही कल्पना गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांची. त्यांची मूळ मोजपट्टी ६ ते २० होती, कारण दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके येत. आम्ही दहाची वापरतो, ती सगळ्यांना कळते.

सेट संपला की ॲप विचारतं : किती जड गेलं? त्या आकड्यावरच पुढचा सगळा आराखडा ठरतो. लागोपाठ दोन वेळा ६ किंवा कमी आलं की पुढच्या वेळी दोन बैठका वाढतात. बारापर्यंत गेलात की पाठीवर किंवा छातीशी वजन येतं. ९ किंवा १० आलं की एक सेट कमी होतो. ॲपकडे याहून जास्त अक्कल नाही. तुम्ही दाबाल तेच त्याला खरं वाटतं.

कल्याणच्या एका काकूंनी पहिले तीन आठवडे प्रत्येक सेटनंतर ५ दाबलं. ॲप खूश, वाढवत गेलं. चौथ्या आठवड्यात त्यांना चार किलोची पिशवी छातीशी धरून बैठका आल्या आणि गुडघा धरला. फोन केला तेव्हा म्हणाल्या, “अहो, रोज जडच जात होतं. पण सारखं नऊ-नऊ लिहिलं तर तुम्हाला वाटेल, या बाईला काहीच जमत नाही.” चूक आमचीही होती. तीन आठवडे एकच आकडा येतोय, हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. आता एकच आकडा लागोपाठ सहा वेळा आला की ॲप आम्हाला कळवतं आणि आम्ही फोन करतो. फोन आला तर ती परीक्षा समजू नका. काकू पुन्हा बिनवजनाच्या आठ बैठकांवर आल्या, त्यांच्या खऱ्या आकड्यांवर, आणि आता व्यवस्थित चाललंय.

आकडा कसा ओळखायचा? दुसऱ्या सेटच्या सहाव्या-सातव्या बैठकीला स्वतःकडे लक्ष द्या. उठताना वेग मंदावतो. श्वास नकळत धरला जातो. हात मांडीला टेकवावासा वाटतो. तो हात मांडीवर गेला की समजा, सात मागे पडलं. आणि बोलून बघा. सेट संपल्या संपल्या “गॅस बंद कर गं” एवढं एका दमात म्हणता आलं तर ठीक, दोन तुकडे झाले तर आकडा वर सरकवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलायला लागतात. याला घाबरू नका. नव्या कामानंतर स्नायू २४ ते ७२ तास दुखतात आणि मग आपोआप मोकळे होतात. पण एकाच गुडघ्यात किंवा खांद्यात टोचल्यासारखं झालं, सांधा सुजला किंवा कळ खाली पायात उतरली, तर ती वेगळी गोष्ट. ‘दुखतंय’ हे लाल बटण दाबा, तो व्यायाम त्या क्षणी आराखड्यातून निघतो. छातीत दाब, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ॲप बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा. अशा वेळी बटण शोधत बसू नका.

वजनं विकत घ्यायची का?

पहिले तीन महिने नको. आम्ही डंबेल विकत नाही, त्यामुळे हे मोकळेपणानं सांगता येतं. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. तूरडाळीची पिशवी एक किलो, आट्याची पाच किलो. मुलांच्या जुन्या दप्तरात हे भरा, चेन लावा आणि पट्टे घट्ट ओढा, म्हणजे आत काही हलणार नाही. किती किलो भरलं तेही ॲपमध्ये टाका, नाहीतर पुढच्या आठवड्याला हिशेब चुकतो.

घरी खरी अडचण होते ती ओढण्याच्या व्यायामाची. ढकलायला भिंत आहे, ओटा आहे, जमीन आहे. जोर कुठेही मारता येतात. पाठीसाठी ओढायचं कशाला? दाराला किंवा खिडकीच्या गजाला लटकू नका, हे हात जोडून सांगतो. त्याऐवजी दप्तर हातात धरून कमरेत वाकायचं आणि कोपर मागे नेत ते पोटाकडे ओढायचं. किंवा रबरी पट्टा घ्या. दर वेळी ताणण्याआधी पट्ट्याला भेगा पडल्यात का ते पाहा. गॅलरीतल्या उन्हात पट्टे कडक होतात आणि तुटले की सपकन तोंडावर येतात.

“मी रोज बारा सूर्यनमस्कार घालते, ते धरायचे का?” हा प्रश्न ज्येष्ठ मंडळींकडून हमखास येतो. अवश्य धरा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घरोघरी नेले, आणि आपल्याकडे तीन पिढ्या त्यावर वाढल्या आहेत. ‘माझा व्यायाम’ मध्ये नोंदवलेत की ॲप त्या दिवशीचे जोर कमी करतं. पण बाराही स्थितींत ओढण्याचं काम जवळपास नाही. त्यामुळे दप्तराचा व्यायाम सुटत नाही.

कॅलरी, पावलं, नाडी

पडद्यावर कॅलरीचा आकडा दिसतो, कारण तो काढला तेव्हा सभासद नाराज झाले. तो येतो असा : व्यायाम किती कष्टाचा त्याचा एक ठरावीक आकडा, गुणिले तुमचं वजन, गुणिले तास. ६५ किलो वजन, मध्यम व्यायामाचा ५, अर्धा तास. झाले साधारण १६२. त्यातले ३२ तुम्ही नुसते बसून राहिला असता तरी खर्च झालेच असते. ६५ किलोच्या प्रत्येकाला हाच आकडा येतो, मग कोणी मन लावून करो की टीव्ही बघत. तेव्हा १६२ दिसले म्हणून वडापाव ‘कमावला’ असं समजू नका. एका वडापावात त्याहून जास्त असतात.

दहा हजार पावलांचा आग्रह आम्ही धरत नाही. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आमचा आराखडा त्यावर बेतलेला आहे. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षातून गेलात तरी फोन काही पावलं मोजून टाकतो!

हातात घड्याळ असेल तर ते मनगटाच्या हाडाच्या थोडं वर आणि घट्ट बांधा. मागचा हिरवा दिवा त्वचेतून रक्ताची लय पाहतो. घड्याळ सैल असेल किंवा जोर मारताना मनगट दुमडलं असेल तर आकडा भरकटतो. ‘२२० वजा वय’ हे सूत्रही सरासरीचं आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम खाली ठेवतात. अशांनी घड्याळ सोडून मेहनतीच्या आकड्यावरच चालावं.

आठवण वाजत नाही?

दहांतल्या आठ तक्रारींना हेच कारण : फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला झोपवतो. फोनच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा. व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवा, सकाळी नेट रुसलं तरी अडत नाही.

खंड पडला तर

चतुर्थी, एकादशी, नवरात्र, गावाकडची जत्रा, घरात लग्न, मुलांच्या परीक्षा, सगळ्याला ‘खंड’ बटण आहे. कडक उपासाला हलकं चालणं ठेवा. साबुदाण्याची खिचडी खाऊन लगेच बैठका मात्र नकोत. ताप असेल तर पूर्ण विश्रांती. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला की ॲप तुम्हाला दोन पायऱ्या मागे नेतं. त्यावर भांडायला फोन येतात, पण आम्ही ते बदलत नाही.

पैसे आणि तुमची माहिती

पहिले दोन आठवडे पैसे घेत नाही. नंतर यूपीआयच्या ऑटोपेवर महिन्याची रक्कम जाते. ती कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश येतो. नुसतं ॲप काढून टाकलं म्हणजे पैसे कापणं थांबत नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या जागी जाऊन आमचं नाव रद्द करा. ते जमत नसेल तर फोन करा, आम्ही पायरी पायरीनं सांगतो.

वजन, आजार, फोटो ही तुमची खासगी माहिती. सोडून जाताना ‘माझं खातं पुसा’ दाबलंत की आमच्याकडून जाते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही ती पुसून मागण्याचा हक्क आहे. पोटाचे आधी-नंतरचे फोटो आम्ही कोणाला मागत नाही आणि भिंतीवर लावत नाही.

फोन सकाळी ६ ते ९ लागणार नाही, तेव्हा तिघंही बॅचवर असतो. साडेनऊनंतर करा. आणि करताना शेवटच्या तीन दिवसांचे आकडे समोर ठेवा, आम्ही पहिल्यांदा तेच विचारणार.