आतली खोली

कानांना पापण्या नसतात. डोळे मिटले की प्रकाश बाहेर राहतो, पण आवाज रात्रभर कानात शिरतच असतो. पडदा थरथरतो, आतल्या केसांसारख्या पेशी डोलतात, विजेचे बारीक संदेश चेतातंतूंवरून मेंदूकडे धावतात. तरीही आपण झोपतो. म्हणजे आत कुठेतरी एक दार लोटून घेतलेलं असतं. ते पूर्ण बंदही नसतं, कारण त्याच झोपेत कुणी आपलं नाव घेतलं तर आपण कूस बदलतो, कधी दचकून उठतो. १९६० साली इयान ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली. स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या विद्युत आलेखात मोठी लाट उठायची. इतरांच्या नावांना तसा प्रतिसाद क्वचितच मिळायचा. झोपलेला मेंदू नावं निवडत होता!

हे दार ज्या भागात आहे त्याला थॅलॅमस म्हणतात. मेंदूच्या अगदी मधोमध, दोन्ही अर्धगोलांच्या खाली दडलेले, अंड्याच्या आकाराचे, प्रत्येकी साधारण ३ सेंटिमीटर लांबीचे हे दोन गोळे. थॅलॅमस या ग्रीक शब्दाचा अर्थ आतली खोली, शयनगृह. प्राचीन काळी हे नाव देणाऱ्यांना झोपेशी असलेलं त्याचं नातं ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, पण नाव मात्र चपखल बसलं.

शाळेच्या पुस्तकातला मेंदूचा नकाशा आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. मागे दृष्टी, बाजूला श्रवण, आत खोलवर भीती, तिच्या शेजारी स्मृती, प्रत्येकाला वेगळा रंग. तो नकाशा खोटा नाही, पण त्यातून असं वाटतं की पाहणं, घाबरणं, झोपणं आणि शिकणं ही चार खाती आहेत आणि त्यांची चार वेगवेगळी कार्यालयं आहेत. मेंदूत कामं होतात ती पेशींच्या जाळ्यांमधून, सर्किट्समधून. त्यांपैकी एकच सर्किट दिवसा एक काम करतं, रात्री दुसरं. थॅलॅमसइतकं हे स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं, म्हणून इथे त्याचीच गोष्ट सांगतो.

वास सोडला तर प्रत्येक ज्ञानेंद्रियाची वाट थॅलॅमसमधून जाते. डोळ्यातून निघालेला संदेश आधी तिथल्या एका छोट्या केंद्रात पोचतो, तिथून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या सुरकुतलेल्या बाहेरच्या थराकडे जातो. पुष्कळ वर्षं त्याला निव्वळ टपाल कार्यालय समजलं गेलं: इकडून आलेलं पत्र तिकडे पाठवणारं. मग त्या केंद्रातल्या पेशींवर येणाऱ्या जोडण्या मोजल्या गेल्या. डोळ्यातून येणाऱ्या जोडण्या निघाल्या जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीच्या कॉर्टेक्सकडून उलट्या येतात, मेंदूच्या देठाकडून येतात, आणि आसपासच्या दमन करणाऱ्या, म्हणजे इतर पेशींना गप्प करणाऱ्या, पेशींकडून येतात. ज्याला पत्र पोचवायचं, तोच टपाल कार्यालयाला इतकी पत्रं कशाला पाठवतो?

याचं आज सर्वांत पटणारं उत्तर असं की कॉर्टेक्स नुसतं वाट पाहत बसत नाही. आता काय दिसेल, कशाकडे लक्ष द्यायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं, याच्या सूचना ते सतत खाली धाडत असतं. गर्दीत बोलत उभे असताना समोरच्याचा आवाज नीट ऐकू येतो आणि बाकीचा गलबला मागे सरतो, त्यात या उलट्या वाटेचा वाटा असतो. थॅलॅमसभोवती दमन करणाऱ्या पेशींचं एक पातळ आवरण असतं, शालीसारखं लपेटलेलं. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले फ्रान्सिस क्रिक पुढे मेंदूकडे वळले होते. त्यांनी १९८४ साली मांडलं की लक्ष देणं ही एका प्रकाशझोतासारखी गोष्ट आहे आणि तो झोत फिरवतं ते हे आवरण. तपशिलात त्यांची कल्पना जशीच्या तशी टिकली नाही. पण लक्ष देण्याच्या कामात हे आवरण सामील असतं, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखवलं. हे आवरण लक्षात ठेवा, रात्री ते पुन्हा भेटेल.

त्याआधी भीतीकडे जाऊ. १९८० च्या दशकात जोसेफ लडू यांनी उंदरांना एक आवाज आणि त्यापाठोपाठ हलका विजेचा धक्का अशी जोडी शिकवली. थोड्याच वेळात नुसत्या आवाजानेच उंदीर जागच्या जागी थिजू लागले. आता ऐकण्यासाठी असलेला कॉर्टेक्सचा भागच काढून टाकला, तर ते शिकतील का? शिकले. थॅलॅमसमध्येच संदेश थांबवला, तेव्हा मात्र शिकले नाहीत. याचा अर्थ, थॅलॅमसपासून बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाकडे एक आडवाट जाते. ती कॉर्टेक्सला वळसा घालते, घाईची असते, आणि तिच्यावरून जाणारं चित्र धूसर असतं. माणसात ही आडवाट किती महत्त्वाची आहे याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. अमिग्डालाला ‘भीतीचं केंद्र’ म्हणण्यावर तर खुद्द लडू यांनीच नंतर आक्षेप घेतला. शरीराने धोक्याला दिलेला प्रतिसाद आणि ‘मला भीती वाटते’ ही जाणीव या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. छातीत धडधड आधी सुरू होते आणि कशामुळे ते मागाहून कळतं, हा अनुभव कुणाला नाही?

तो भेद किती खरा आहे हे एका जुन्या प्रसंगातून दिसतं. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक रुग्ण स्त्री होती. तिला कोर्साकॉफ विकार होता. ब-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेमुळे होणाऱ्या या विकारात थॅलॅमसचे काही भाग आणि त्यांच्याशी जोडलेली स्मृतीची सर्किट्स नष्ट होतात. रोज भेटणारे डॉक्टरही तिला दर वेळी अनोळखी वाटत. एके दिवशी क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. थोड्या वेळाने ती टोचल्याची गोष्ट विसरून गेली. नंतर त्यांनी पुन्हा हात पुढे केला तर तिने झटकन स्वतःचा हात मागे घेतला. का, हे तिला सांगता येईना. क्लापारेद यांनी हे १९११ साली लिहून ठेवलं. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण प्रसंग कळला तिला नव्हे, तिच्या हाताला, ही गोष्ट एकदा वाचली की विसरता येत नाही.

आता रात्र.

जागेपणी थॅलॅमसच्या पेशी आलेल्या संदेशाबरहुकूम विजेचा एकेक ठोका देतात. जसा संदेश, तसे ठोके. झोपेत त्यांची भाषाच बदलते. १९८२ साली रोदोल्फो यिनास आणि हेन्रिक यान्सन यांनी गिनीपिगच्या थॅलॅमसच्या पातळ कापांमध्ये सुया रोवून दाखवलं की एकच पेशी दोन प्रकारे बोलते. थोडा वेळ दाबून धरलेली पेशी सैल सोडली की ती एकेक ठोका देत नाही, ठोक्यांची एकदम सरबत्ती करते. पेशीच्या भिंतीतली कॅल्शियमची काही खास दारं त्या दाबलेल्या अवस्थेतच सज्ज होतात, म्हणून असं घडतं. आता मघाचं शालीसारखं आवरण आठवा. ते थॅलॅमसच्या पेशींना दाबतं. त्या सुटतात आणि सरबत्ती करतात. त्या सरबत्तीने आवरण पुन्हा चेततं आणि पुन्हा दाबतं. झोपाळ्याला कुणी लय सापडून झोके द्यावेत तसं हे चालतं, सेकंदाला साधारण ११ ते १६ झोके, अर्धा ते दोन सेकंद, मग शांतता. विद्युत आलेखावर ही लहर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती दिसते, चरख्याच्या चातीसारखी. तिला स्लीप स्पिंडल म्हणतात, आपण चातीच म्हणू.

पेशी अशा झोक्यात असताना बाहेरचा आवाज त्यांच्यातून नीट पार होत नाही. संदेश येतो, पण दारावरचा पहारेकरी स्वतःच्या लयीत गुंग असतो. २०१० साली थिएन थान्ह डांग-वू आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की शांत रात्री ज्यांच्या मेंदूत चात्या जास्त उमटत, त्यांची झोप दुसऱ्या रात्री गोंगाटातही सहसा मोडत नसे. ‘त्याची झोप गाढ आहे’ असं आपण म्हणतो, त्यामागे अशी मोजता येणारी गोष्ट आहे.

हे दार कोण लोटतं? मेंदूच्या देठातून आणि हायपोथॅलॅमसमधून, म्हणजे थॅलॅमसच्या खालच्या छोट्या भागातून, वर येणारी जागं ठेवणारी रसायनं ओसरली की थॅलॅमस आपसूक झोक्याकडे वळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती. व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी तिच्या बळींच्या मेंदूंची तपासणी केली. झोपाळू झालेल्यांच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग खराब झालेला होता, झोप हरवलेल्यांचा पुढचा. जागेपणा आणि झोप यांची वेगवेगळी यंत्रणा असते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शक आणि निरीक्षण एवढ्याच भांडवलावर ओळखलं. १९९८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे ओरेक्सिन हे जागं ठेवणारं रसायन शोधलं. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की माणूस दिवसा बोलता बोलता झोपी जाऊ शकतो. यालाच नार्कोलेप्सी म्हणतात.

तोच झोपाळा भलत्या वेळी हलू लागला तर? लहान मुलांमध्ये अपस्माराचा एक प्रकार असतो, त्यात मूल बोलता बोलता काही सेकंद गप्प होतं, शून्यात पाहतं आणि मग काहीच घडलं नसल्यासारखं पुढचं वाक्य बोलतं. त्या क्षणी आलेखावर सेकंदाला ३ अशा टोकदार लाटा दिसतात. हा खेळही थॅलॅमस आणि कॉर्टेक्सच्याच त्या फेऱ्याचा असतो. एथोसक्सिमाइड हे त्यावरचं औषध ज्या कॅल्शियमच्या दारांवर काम करतं असं मानलं जातं, ती यिनास यांच्या पेशींमधलीच. हे इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण अशी मुलं ‘वर्गात लक्ष देत नाहीत’ म्हणून बोलणी खातात. दिवसातून अनेकदा असं होत असेल, तर मुलाला रागावण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं.

आणि ही खोलीच ढासळली तर? १९८६ साली इटलीतल्या बोलोन्याच्या एलिओ लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबातल्या आनुवंशिक आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. चुकीच्या घडीच्या प्रिऑन प्रथिनामुळे थॅलॅमसच्या काही भागांतल्या पेशी मरत जातात, आलेखावरच्या चात्या विरतात, झोप जाते ती कायमची. रुग्ण सहसा काही महिन्यांत किंवा एखाद-दोन वर्षांत दगावतो. त्यावर आजही उपचार नाही.

झोपेत दार लोटलेलं असताना आत काम चालूच असतं, शिकण्याचं. १९७१ साली जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात, अशा पेशी सापडल्या ज्या ठरावीक जागीच चेततात. एक पेशी कोपऱ्यात, दुसरी वळणावर. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ साली दाखवलं की दिवसा एकत्र चेतलेल्या पेशी नंतरच्या झोपेतही एकत्र चेततात. उंदीर झोपलेला असतो, आणि त्याच्या मेंदूत वाटेची उजळणी चाललेली असते. ही उजळणी क्षणिक लहरींमध्ये होते. झोपेत कॉर्टेक्समध्ये सेकंदाला एकाहूनही कमी अशी संथ लाट येते, तिच्या चढावर थॅलॅमसची चाती उमटते, आणि चातीच्या पोटात हिप्पोकॅम्पसची ती बारीक लहर. तिघांची वेळ नेमकी जुळली की दिवसाची आठवण कॉर्टेक्समध्ये रुजायला मदत होते, असं आज मानलं जातं. म्हणजे जो झोका बाहेरचं जग अडवतो, तोच आत शिकलेलं पक्कं करायला हातभार लावतो.

इथे एक प्रयोग मला विलक्षण देखणा वाटतो. वासाची वाट थॅलॅमसमधून जात नाही हे वर सांगितलं. नाकातून ती थेट कॉर्टेक्सच्या जुन्या भागाकडे आणि अमिग्डालाकडे जाते. तरीही वासाने जाग येईलच याचा भरवसा नसतो, म्हणून धुराची सूचना देणारं यंत्र आवाजच करतं. ब्योर्न राश, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००७ साली याच उघड्या खिडकीचा उपयोग केला. स्वयंसेवकांनी पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत हे पाठ करताना त्यांना गुलाबाचा वास दिला. रात्री संथ लाटांच्या गाढ झोपेत त्यांच्या नाकाशी तोच वास पुन्हा सोडला. झोप मोडली नाही, हिप्पोकॅम्पस चेतला, आणि सकाळी त्या जोड्या जास्त आठवल्या. स्वप्नांच्या झोपेत तोच वास देऊन काही फायदा झाला नाही.

झोपच मिळाली नाही तर फक्त पाठांतर बिघडत नाही. सुमारे ३५ तास जागलेल्यांवरच्या २००७ सालच्या एका छोट्या अभ्यासात त्रासदायक चित्रं पाहताना अमिग्डालाचा प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त दिसला, आणि कपाळामागच्या भागाशी त्याचा असलेला, लगाम घालणारा संवाद क्षीण झालेला आढळला. जागरणानंतर क्षुल्लक बोलणंही मनाला लागतं, त्याची ही एक बाजू.

झोप लागताना हे सारं एकदम घडत नाही. मिशेल मॅन्यँ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अशा अपस्माराच्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, ज्यांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच विद्युताग्रं बसवलेली होती. झोप येताना थॅलॅमस आधी मंदावत होता आणि कॉर्टेक्स त्यानंतर काही मिनिटांनी. त्या मधल्या मिनिटांत बाहेरून येणारा पुरवठा आटलेला असतो, पण वरचा मजला अजून जागा असतो. त्याच वेळी एखादा चेहरा उगाच डोळ्यांसमोर तरळतो, एखादं वाक्य अर्थ सोडून भलतीकडे वळतं, आणि सकाळी आपण ठामपणे सांगतो की बराच वेळ झोपच लागली नव्हती.