सायनसमध्ये सरकलेला इम्प्लांट काढणं

वरच्या दाढेच्या जागी नकली दातासाठी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू (इम्प्लांट) हाडात न टिकता गालामागच्या हाडाच्या पोकळीत, म्हणजे मॅक्सिलरी सायनसमध्ये गेला की त्याला इम्प्लांट सरकणं म्हणतात. दाढ काढली की हाड झिजतं, सायनस खाली उतरतो आणि कधीकधी ४-५ मिमीच हाड उरतं. मिश्रीने हिरड्या गेल्या, कवळी मानवली नाही, मुंबईच्या मुलाने पैसे पाठवले म्हणून रत्नागिरी-कुडाळात इम्प्लांट करायला येणारे काका-काकू बरेचदा यातलेच.

स्क्रू पिळताना हाताला लागणारा जोर एकदम जातो, रॅचेट (स्क्रू पिळायचा पाना) फुकट फिरतं, भोकात बघावं तर स्क्रू नाही! काहींचा महिन्यांनी सरकतो, आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असतं तरी पावसाळी सर्दी म्हणून काढे पिणं चालू राहतं.

आंधळेपणाने चिमटा घालत बसू नये, स्क्रू अजून आत जातो. आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन, आणि ऑपरेशनच्या अगदी आधी परत एक फोटो, कारण मोकळा स्क्रू जागा बदलतो. या पोकळीची मोरी खाली नाही, वर आढ्याजवळ आहे आणि आतल्या पेशींचे बारीक केस शेंबूड वर तिकडेच ढकलतात, त्याच्यासोबत स्क्रूही जातो आणि मोरी तुंबवतो.

काढायच्या वाटा मुख्य दोन. गालाच्या आतून हिरडी उचलून हाडात खिडकी पाडायची, ही कॅल्डवेल (१८९३) आणि ल्यूक (१८९७) यांची जुनी पद्धत, हल्ली खिडकी लहान ठेवतात, पण गाल सुजतो आणि ओठ काही काळ बधिर राहू शकतो. दुसरी नाकातून दुर्बिणीने, मोरी तुंबून पू झाला असेल तर हीच बरी कारण मोरीही मोकळी होते. तोंडातून सायनसपर्यंत भोक राहिलं असेल तर नुसता स्क्रू काढून भागत नाही, गालाच्या आतली कातडी ओढून किंवा गालातल्या चरबीची गादी आणून ते बुजवावं लागतं, आणि इथे दाताचे सर्जन नि ईएनटीवाले एकत्र लागतात. गावाकडे दोघं एका छताखाली मिळणं कठीण, म्हणून पेशंट कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतो.

नंतर साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉने शहाळं प्यायचं नाही, फुंकणीने चूल फुंकायची नाही, मालवणात बुडी तर नाहीच. गणपतीत टाके असले तर शंख दुसऱ्याकडे द्यावा, आपण झांजा घ्याव्यात.